दुसरी पसंती

सकाळी सव्वासातला राजधानीत, कॅनबेरात, गवतावर पांढरं दंव पडलेलं होतं आणि नोएलीन क्रॅडॉकच्या फोनवर एकतीस निरोप. एकतीसही जणांचा प्रश्न एकच: खरंच का? तिने एकाच शब्दाचं उत्तर सगळ्यांना धाडून दिलं, खरंच, आणि बुटाच्या नाड्या बांधायला घेतल्या. नऊ वाजता सत्ताधारी पक्षाच्या खासदारांची बैठक होती आणि त्या बैठकीत देशाचा पंतप्रधान राहतो की जातो ते ठरणार होतं.

इथे याला ‘स्पिल’ म्हणतात. स्पिल म्हणजे सांडणं. या देशात नेत्याला कोणी पाडत नाही हो, नेतेपद सांडतात, आणि मग फडकं घेऊन जो आधी पोचेल त्याचं. जनतेला विचारायची भानगड नाही. पक्षाचे एक्याण्णव खासदार एका खोलीत शिरतात, दार लावून घेतात, कागदावर नाव लिहितात, आणि तासाभराने कधीकधी पंतप्रधान बदललेला असतो. लोक घरी चहात बिस्किट बुडवत टीव्हीवर बंद दाराकडे बघत बसतात. क्रिकेटलासुद्धा इतकी माणसं बसत नाहीत.

नोएलीन पक्षाची मुख्य प्रतोद. खासदारांना घंटा वाजली की सभागृहात हाकायचं, कोण आजारी आहे, कोण रुसलंय, कोणाची बायको माहेरी गेलीय याची खबर ठेवायची, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे डोकी मोजायची, हे तिचं काम. टास्मानिया बेटाच्या वायव्य किनाऱ्यावरून ती अठरा वर्षं निवडून येत होती, त्यातली सहा प्रतोद म्हणून. या अठरा वर्षांत तिने तीन पंतप्रधानांसाठी मतं मोजली, बावीस जणांना मंत्री होताना पाहिलं, त्यांच्या शपथविधीला टाळ्या वाजवल्या. स्वतः मंत्री एकदाही झाली नाही.

आणि तिला व्हायचं होतं. उगाच कशाला लपवायचं, जीव तुटत होता तिचा. पक्षाचा जुना रिवाज असा की मंत्रिमंडळात प्रत्येक राज्याचा निदान एक माणूस हवाच. नाहीतर ते राज्य पुढच्या निवडणुकीत फणा काढतं. टास्मानियाची ती खुर्ची पंधरा दिवसांपूर्वी रिकामी झाली होती. तिथला म्हातारा मंत्री हृदयाच्या दुखण्याने घरी बसला. पक्षाकडे टास्मानियाचे उरले दोघेच, एक नोएलीन आणि दुसरे सेनेटर ऑगिल्वी, जे अर्थसंकल्पाच्या भाषणातही घोरतात. पंधरा दिवस झाले तरी पंतप्रधान गॉर्डन लेडलॉ त्या खुर्चीबद्दल तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता.

बोलला तो दुसराच. काल दुपारी अर्थमंत्री डेमियन सिबेरास तिच्या खोलीत आला, दार ढकलून लावलं आणि उभ्याउभ्याच म्हणाला, “उद्या मी गॉर्डनला आव्हान देतोय. पंचेचाळीस पक्के आहेत. तू शेचाळिसावी.”

“आणि मी का येऊ?”

“कारण टास्मानियाची खुर्ची तुझी. शब्द देतो. अठरा वर्षं तुला नुसतं राबवून घेतलंय यांनी.”

ती लगेच हो म्हणाली नाही. पण नाहीही म्हणाली नाही, आणि डेमियनसारख्या माणसाला तेवढं पुरतं. तो गेल्यावर तिने नवऱ्याला, ट्रेव्हला, फोन केला. ट्रेव्ह म्हणाला, “तुझं मन काय म्हणतं?” ती म्हणाली, “मन म्हणतं खुर्ची.” “मग झालं,” ट्रेव्ह म्हणाला. “बटाटे उकडायला लावलेत, ठेवतो.”

लेडलॉचा फोन आज सकाळी ती नाड्या बांधत असतानाच आला. आवाज असा की जणू याच्या मुलीचं लग्न आहे. “नोएलीन, अठ्ठेचाळीस आहेत आपल्याकडे. तुला धरून. म्हणजे तुला मोजलंच नाही मी, तू तर घरचीच.”

“हो ना,” ती म्हणाली. घरचीच. घरच्याला कोणी वाढून देत नाही, घरच्याने भांडी घासायची असतात. तिने बुटाची गाठ इतकी आवळली की नाडीचं टोक तुटून हातात आलं.

नऊला खोली गच्च भरली. फोन बाहेरच्या टोपलीत जमा झाले. कॉफीचा वास, ओल्या कोटांचा वास, आणि एक्याण्णव माणसं अशी बोलत होती की कोणी कोणाचं ऐकत नव्हतं. लेडलॉ पुढे उभा राहिला. उंच, पांढऱ्या केसांचा, चेहऱ्यावर रेष हलली नाही. “डेमियनला माझी जागा हवी आहे,” तो म्हणाला, “मी ती मोकळी करतो आणि परत उभा राहतो. आटपू या. दुपारी मला शाळकरी पोरांबरोबर फोटो काढायचाय.” काही हसले. सिबेरास उठला आणि एवढंच म्हणाला, “मी उभा आहे.”

मग नोएलीनची पाळी. निवडणूक अधिकारी तीच. तिने चष्मा चढवला आणि पक्षाचा नियम मोठ्याने वाचला. “कोऱ्या कागदावर एकच नाव लिहायचं. दोन नावं लिहिली, आकडे घातले, तर मत बाद. मतं समान पडली तर असलेला नेता कायम.” मग चष्म्यावरून बघत म्हणाली, “तुम्हाला सगळ्यांना सवय आहे ती ठाऊक आहे मला. पसंतीचा पहिला, दुसरा, तिसरा असं काही करायचं नाही. ही सार्वत्रिक निवडणूक नाही.”

खोली हसली. कारण खरंच होतं ते. या देशात मत देणं म्हणजे चौकोनात आकडे भरणं. पहिला आवडता एक, त्याच्यानंतर बरा वाटेल तो दोन, असं शेवटच्या नावडत्यापर्यंत. अठराव्या वर्षापासून माणूस तेच करत आलेला असतो, आणि नाही केलं तर दंड भरतो. नोएलीनने तर राजकारणात येण्याआधी अकरा वर्षं डेव्हनपोर्ट गावच्या प्राथमिक शाळेत मतदान केंद्र सांभाळलं होतं. बाहेर अंगणात पावात घातलेले सॉसेज भाजत असायचे आणि आत ही दिवसभर एकच वाक्य म्हणायची: प्रत्येक चौकोनात आकडा भरा हं. झोपेतसुद्धा म्हणायची, ट्रेव्ह साक्षीला आहे.

कागद वाटले. कोणी पाठ वळवून लिहिलं, कोणी हाताचा आडोसा धरला, दोघंतिघं शेजाऱ्याला मुद्दाम दाखवून लिहीत होते, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको. कोणी पेन विसरला, कोणाला दुसरा कागद हवा, सेनेटर ऑगिल्वींना उठवावं लागलं. नोएलीन डबा घेऊन रांगेरांगेतून फिरली. नव्वद कागद पडले. मग आठवलं, आपलं राहिलंच की. भिंतीला कागद टेकवून, एका काखेत डबा धरून, मागून कोणीतरी “आटप गं बाई” म्हणत असताना तिने लिहिलं, घडी घातली आणि टाकला. आपण काय लिहिलं याकडे तिचं लक्षही नव्हतं.

मोजणी शेजारच्या छोट्या खोलीत. नोएलीन, आणि दोन्ही बाजूंचे एकेक निरीक्षक. सिबेरासकडून वॉर्विक पॅस्को, क्वीन्सलँडचा, सदा घामेजलेला. लेडलॉकडून सेनेटर इलेन थर्लो, पश्चिमेकडची, जिच्या तोंडून कामापुरते शब्दही मोजून यायचे.

दोन ढीग वाढत गेले. लेडलॉ. सिबेरास. लेडलॉ. लेडलॉ. सिबेरास. वॉर्विक ओठ चाटत होता. तीस-तीस झाले. चाळीस-एकेचाळीस. इलेनने आयुष्यात पहिल्यांदा खुर्ची पुढे ओढली. पंचेचाळीस-चव्वेचाळीस. पंचेचाळीस-पंचेचाळीस. डब्यात एक कागद उरला.

नोएलीनने तो उघडला. त्यावर लिहिलं होतं: १ सिबेरास, २ लेडलॉ.

क्षणभर तिला हसूच आलं, कोण हा गाढव म्हणून. मग त्या सातच्या आकड्यासारख्या दिसणाऱ्या एकच्या आकड्याकडे, ल च्या लांब शेपटीकडे तिची नजर गेली आणि तोंडचं पाणी पळालं. अक्षर तिचंच होतं.

“जिंकलो,” वॉर्विक म्हणाला. आवाज फाटला त्याचा. “एक नंबर सिबेरास. शेचाळीस.”

“दोन नावं आहेत,” इलेन म्हणाली. “बाद.”

“अगं पण हेतू बघ ना. शेंबडं पोरगंही सांगेल कोणाला मत दिलंय.”

“नियम आत्ताच वाचून दाखवलाय.”

“नोएलीन, तू सांग. तू अकरा वर्षं केंद्र सांभाळलंस. असा कागद आला तर धरायचीस की नाही?”

धरायची. हजारदा धरला होता. मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरायचं, हेच तिला शिकवलेलं, आणि या मतदाराचा हेतू तिच्याइतका स्पष्ट जगात कोणाला ठाऊक होता? एक शब्द बोलायचा, ‘वैध’, की सिबेरास पंतप्रधान, आणि उद्या सकाळी गव्हर्नर जनरलच्या दिवाणखान्यात हात वर करून शपथ. ट्रेव्हने निळा सूट इस्त्री करूनही ठेवला असता. या दोघांना कधी कळणार नव्हतं, कोणालाच कळणार नव्हतं. कागद गुप्त असतात. तिच्या जिभेवर शब्द आला होता, अगदी टोकावर.

पण मोजणारी ती होती ना. स्वतःचाच कागद स्वतःच तपासून स्वतःलाच मंत्री करायचं, हे तिच्या घशाखाली उतरेना. तिला स्वतःचाच इतका राग आला की कानशिलं तापली. अठरा वर्षं वाट बघितली आणि ऐन वेळी हात शाळेच्या सवयीवर गेला.

“हा कागद माझा आहे,” ती म्हणाली.

वॉर्विकने डोळे मिटून घेतले. “मी काही ऐकलं नाही. इलेननेही ऐकलं नाही.”

“मी नीट ऐकलं,” इलेन म्हणाली.

“माझ्या कागदावर मी निवाडा देणं बरोबर नाही. तुम्ही दोघं ठरवा.”

“वैध,” वॉर्विक म्हणाला.

“बाद,” इलेन म्हणाली.

बाहेर अठ्ठ्याऐंशी माणसांचा गलका भिंतीतून येत होता. म्हणजे फिरून घोडं तिच्याच दारात. नोएलीनने कागद टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला, लाल पेन उचललं. अक्षर या वेळी सुबक आलं. तिने लिहिलं, बाद. वॉर्विक खुर्चीत मागे पडला आणि म्हणाला, “बये, तू वेडी आहेस.” तिला तेव्हा तेच वाटत होतं.

ती खोलीत परत आली आणि तिने आकडे वाचले. “गॉर्डन लेडलॉ पंचेचाळीस. डेमियन सिबेरास पंचेचाळीस. बाद एक. नियमाप्रमाणे नेता कायम.”

एकच हलकल्लोळ झाला. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी टेबल. मागून एक जाडा आवाज आला, “कोण तो दिवटा, ज्याला मत देता येत नाही?”

“मी,” नोएलीन म्हणाली.

आधी हशा उसळला. अकरा वर्षं केंद्र सांभाळणारी बाई, आत्ताच आम्हाला नियम शिकवत होती. मग हशा हळूहळू विरला, कारण या खोलीतल्या सगळ्यांना गणित येतं. मत लेडलॉला असतं तर निकाल तोच राहिला असता, हिचा चेहरा असा पांढराफटक पडला नसता. सिबेराससमोर तर हिशेब सरळच होता. पंचेचाळीस पक्के, शेचाळिसावी ही. तो रांगा ओलांडून तिच्याजवळ आला. ती शिव्या खायच्या तयारीने उभी राहिली.

“म्हणजे आली होतीस तू,” तो हळू म्हणाला.

“आले होते.”

“नशीब माझं.” त्याने तिचा हात हातात घेऊन दाबला, आणि तिला त्याच्या शिव्या परवडल्या असत्या असं वाटलं. हरलेल्या आव्हानवीराने मंत्रिपद सोडून मागच्या बाकावर जायचं असतं. तो आपलं जाकीट उचलून तिथूनच गेला.

बाहेर कॅमेऱ्यांसमोर निकाल सांगायचं कामही प्रतोदाचंच. तिने आकडे सांगितले. वार्ताहरांनी विचारलं, बाद मत कोणाचं? ती म्हणाली, “माझं. आणि ते कोणाला होतं हे विचारू नका, बाद झालं ते.” तिथून ती तडक आपल्या खोलीत गेली, तीन ओळींचा राजीनामा लिहिला, लिफाफ्यात घातला आणि अकरा वाजता पंतप्रधानाच्या दारात उभी राहिली. आत कुठेतरी एक विचित्र उकळी फुटत होती. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

लेडलॉ टाय सैल करून बसला होता. समोर मंत्रिमंडळाची यादी, निम्मी खोडलेली. अर्थमंत्री गेला म्हणजे त्या जागी वाहतूकमंत्री सरकणार, आणि मग पुढचं सगळंच.

“इलेन सांगत होती, तुझ्या कागदावर माझं नाव होतं म्हणे,” तो म्हणाला.

“दुसरं.”

“दुसरं तर दुसरं. बाकीच्या पंचेचाळिसांनी तेवढंही दिलं नाही.”

“त्यांनी नियम पाळला, गॉर्डन.”

तो हसला. हसू खरं होतं आणि दमलेलं होतं. तिने लिफाफा पुढे केला. त्याने तो घेतला नाही. “ठेव ते. प्रतोद तूच राहायचंस. स्वतःच्या मतावर लाल शाई मारणारी बाई मला कुठे मिळणार? उद्यापासून सगळे तुझ्या मोजणीवर डोळे मिटून विश्वास ठेवतील. तू मोजायलाच जन्मलीस बघ.”

कौतुक होतं. मनापासून होतं. अशी कौतुकं अठरा वर्षांत तिने पोत्याने गोळा केली होती, आणि दर वेळी थँक्यू म्हणून ती दार ओढून घेऊन बाहेर पडली होती. आजही थँक्यू तोंडात आलं होतं. ते बाजूला सारून दुसरंच काहीतरी बाहेर पडलं.

“नाही. मला मंत्री व्हायचंय.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतकं साधं वाक्य होतं ते.

लेडलॉने चष्मा काढला. “तू कधी म्हणाली नाहीस.”

“तू कधी विचारलं नाहीस.”

“मंत्रिपदाचं विचारत नसतात, नोएलीन. लोक या दारात येऊन मागतात. रडतात, धमक्या देतात, एकाने तर स्वतःच्या आईला फोन करायला लावला होता. तू आजवर शंभर वेळा या खोलीत आलीस, आणि दर वेळी दुसऱ्यांची यादी माझ्या हातात ठेवून गेलीस. कोणाला काय हवंय, कोण नाराज आहे. त्यात तुझं नाव कधी नव्हतं. मला वाटलं, हिला यातच समाधान आहे.”

गेली सहा वर्षं त्या याद्या तिनेच टाइप केल्या होत्या.

“डेमियनकडे मागितलं होतंस?” त्याने विचारलं.

“नाही. तो आपणहून म्हणाला.”

“म्हणजे तिथेही नाही.” त्याने यादी तिच्याकडे वळवली. “हे बघ. निम्मा पक्ष माझ्यावर डूख धरून आहे. त्यांच्या बाजूचं एक माणूस मला मंत्रिमंडळात हवंच आहे, आणि ज्याला मी विकत घेतलं असं कोणाला म्हणता येणार नाही असं त्या बाजूला तुझ्याशिवाय कोण आहे? पण मी आपणहून देणार नाही. माग. कोणतं खातं?”

“वाहतूक.”

“मोठं खातं आहे. ते मी इलेनला कबूल केलंय तासाभरापूर्वी.”

“तिला दुसरं दे. आमच्या बेटावर बटाट्याची गोणी समुद्रापलीकडे धाडायची तर जहाजाच्या भाड्यातच शेतकऱ्याचा जीव जातो, आणि अठरा वर्षं मी ते दुसऱ्यांच्या कानी घालत आलेय. मला वाहतूकच हवं.” ती थांबली. मग भर घातली, “आणि आज हवं. उद्या माझं धाडस राहणार नाही.”

लेडलॉने यादीत एक नाव खोडलं. मग त्याने घंटा दाबून सचिवाला बोलावलं आणि सांगितलं, “टास्मानिया, क्रॅडॉक, वाहतूक. आणि इलेनला आत पाठव, तिला राग यायच्या आत मला तिच्याशी बोलायचंय.”

बाहेरच्या बोळात नोएलीन एका बाकावर बसली. राजीनाम्याचा लिफाफा हातातच होता. तिने ट्रेव्हला फोन लावला.

“अगं, टीव्हीवर तासभर तुझ्यावर हसताहेत,” ट्रेव्ह म्हणाला. “मत देता येत नाही म्हणे तुला. खाटकाच्या दुकानातही तेच चाललंय. तू ठीक आहेस ना?”

“ट्रेव्ह, मी मागितलं.”

“काय मागितलं?”

“मंत्रिपद. गॉर्डनकडे. तोंडाने मागितलं.”

पलीकडे टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला. “मग?”

“दिलं त्याने. वाहतूक. उद्या शपथ आहे.”

ट्रेव्ह ओरडलाच. कुत्रं भुंकायला लागलं, काहीतरी खाली पडलं, आणि तो परत फोनवर आला तेव्हा धापा टाकत होता. निळा सूट, सकाळचं विमान, बहिणीला कळवायचं, सगळं एकदम बोलत होता. मग इकडचा विचित्र आवाज ऐकून तो थांबला.

“नोएल? रडतेयस का हसतेयस?”

दोन्ही येत होतं. तिने चष्मा काढून हाताच्या पाठीने डोळे पुसले.

“अठरा वर्षं, ट्रेव्ह,” ती म्हणाली. “नुसतं मागायचं होतं.”